कंद खाणारे आणि कंद खणणारे

थंडीच्या दिवसांत जोयड्यात कंदांचा मेळा भरतो. कुणबी बायका आपापल्या परसातले कंद घेऊन येतात. कोनफळ, कणगी, सुरण, करांदे, रताळी, आणि मोठ्या अळवाचा तो अवजड कंद, ज्याला इकडे मुडली म्हणतात. माती नीट झाडून ते असे मांडलेले असतात की बघत राहावं. एकदा मी तिथे उभा असताना गोव्याच्या गाडीतून आलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, "शुगरला चालतं ना हे?" बाई म्हणाली, "चालतं की." त्यांनी पाच किलो घेतले. थोड्या वेळानं तीच बाई पलीकडच्या दुकानातून बिस्किटांचे पुडे आणि खारी घेऊन निघाली, घरी नातवंडं वाट बघत होती म्हणून. मला तिला नावं ठेवायची नाहीत, माझ्या घरातही तेच पुडे येतात. पण त्या दिवसापासून एक गोष्ट मनात घोळते आहे आणि ती तुमच्यापुढे मांडायची आहे.

कंदाचा गुण अर्धा खाण्यात असतो आणि अर्धा खणण्यात. गाडीवाल्या गृहस्थांच्या वाट्याला नुसतं खाणं आलं. आपल्या वाट्याला खणणं होतं. तेही सुटत चाललं आहे, आणि खाणं तर आपण विकूनच टाकलं.

आता वयाबद्दल बोलू. आपल्याकडे चाळिशी उलटली, पोट सुटलं, की माणूस म्हणतो, "वय झालं, पचनशक्ती मंदावली." हे खरं नाही. २०२१ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. २९ देशांतली साडेसहा हजारांच्या आसपास माणसं, आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या म्हाताऱ्यापर्यंत, आणि प्रत्येकाचं शरीर दिवसाला किती ऊर्जा जाळतं याचं मोजमाप. शरीराचा आकार हिशेबात धरला तर विशीपासून साठीपर्यंत ही जाळण्याची गती जवळपास तशीच राहते, असं त्यात दिसलं. साठीनंतर ती वर्षाला साधारण ०.७ टक्के उतरते. म्हणजे चाळिशीतल्या पोटाचा दोष वयावर ढकलता येत नाही. मग बदललं काय? काम बदललं. ताटाचं माप मात्र तेच राहिलं.

आपल्या आज्याच्या ताटात भाताचा डोंगर असायचा. पहाटे कुदळ घेऊन जाणारा, चढावरून लाकडाची मोळी आणणारा, पाऊसभर गुडघाभर चिखलात वाकणारा माणूस तो. त्याला तो भात लागायचा. आता आपण दारातून मोटारसायकलवर बसतो ते जगलबेटला किंवा दांडेलीला उतरतो. रिसॉर्टवर काम असेल तर दिवसभर उभं राहणं तेवढं होतं, चढणं-वाहणं नाही. रेशनचा पांढरा भात मात्र आज्याच्याच मापानं वाढला जातो. रेशनला मी दोष देत नाही. उपाशी झोपण्याचे दिवस ज्यांनी पाहिले त्यांना त्याची किंमत माहीत आहे. प्रश्न मापाचा आहे.

हे माप कामावर ठरतं, आणि काम करतं अंगातलं मांस, म्हणजे आपले स्नायू. ते नेमकं काय करतात ते समजून घ्या. कणगी हा आपल्याकडे कंद आहे, आणि धान्य साठवायची बांबूची कणगीसुद्धा. या दुसऱ्या कणगीचा विचार करा. जेवल्यावर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायूंमध्ये जाऊन साठतो. तीच आपली कणगी. रोज काम केलं की कणगी रिकामी होते आणि पुढच्या जेवणाचं धान्य आत मावतं. काम थांबलं की ती भरलेलीच राहते. वरून ओतत राहिलात तर बाहेर सांडणार, ते सांडतं पोटावर आणि यकृतात, चरबी होऊन. आणि न वापरलेली कणगी आकसतेही. तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायूंचा काही भाग कमी होत जातो, साठीनंतर वेगानं. साखर वाढणं, पाय लटपटणं, पडून खुब्याचं हाड मोडणं, ही तीन वेगळी दुखणी वाटतात. तिन्हींच्याही मुळाशी अनेकदा ही आकसलेली कणगी सापडते.

आपल्या लोकांची कणगी तर जन्मापासूनच लहान. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं अभ्यासली. बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५. पण कमी होतं ते मुख्यतः मांस. चरबी त्या मानानं टिकून होती. २००४ मध्ये याज्ञिकांनी आपला आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचं वजन-उंचीचं प्रमाण अगदी एकसारखं, २२.३. चरबी मात्र युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावायचे. आपला व्यायाम म्हणजे सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावून गाठणं, असं याज्ञिकांनीच थट्टेनं लिहून ठेवलं आहे. म्हणून "मी तर बारीक आहे, मला कुठली शुगर" हे बोलणं सोडा.

शेजारी काय चाललंय तेही बघा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात निघालं, मोठ्या माणसांत २६.४ टक्के. चारात एकाहून जास्त. कॅसलरॉकच्या घाटाखाली गोवा. आपली पोरं कामाला तिथेच जातात, आणि येताना पगाराबरोबर तिथलं खाणंही घेऊन येतात.

आता कंदांकडे वळतो, आणि इथे मेळ्यातल्या त्या बाईचं म्हणणं मला थोडं दुरुस्त करायचं आहे. कंद हे शुगरचं औषध नाही. कोनफळ, कणगी, रताळी यांत पिष्टच असतं, शिजवलेल्या भाताच्या आसपास किंवा थोडं कमी. चोथा जास्त, पोट लवकर भरतं, आणि उकडून गार केल्यावर त्यातलं काही पिष्ट पचायला जड होऊन साखर सावकाश वाढते. हे गुण खरे. पण ते कामी येतात कंद भाताच्या जागी आला तर. भातही, चपातीही आणि वर कौतुकानं तळलेली सुरणाची कापंही, असं झालं तर औषधाऐवजी भरच पडली. ज्या दिवशी कंद, त्या दिवशी भात निम्मा. डॉक्टरांनी दिलेली गोळी किंवा इन्सुलिन कंदाच्या भरवशावर सोडू नका. खाणं बदललं तर तेही त्यांना सांगा, कारण डोस बदलावा लागू शकतो.

कंदांवर जगणारी माणसं जगात आणखीही आहेत. पापुआ न्यू गिनीच्या किटावा बेटावर स्टाफन लिंडेबर्ग नावाचे स्वीडिश डॉक्टर १९८९ च्या सुमारास गेले. तिथले लोक कोनफळासारखे कंद, रताळी, अळू, फळं, नारळ आणि मासे खात. हृदयविकार आणि पक्षाघात त्यांच्यात जवळपास नव्हताच. गंमत म्हणजे बहुतेक पुरुष तंबाखू ओढत. (ही गोष्ट वाचून कुणी बिडी शिलगावू नये. बिडी नसती तर ते आणखी बरे असते, एवढाच त्याचा अर्थ.) जपानच्या ओकिनावा बेटावरची जुनी पिढी, जिच्या दीर्घायुष्याचं जगभर कौतुक झालं, तिचंही मुख्य अन्न एके काळी रताळंच होतं. पण हे सगळे लोक तो कंद स्वतः लावत होते, स्वतः खणत होते.

कंदात एक उणीव आहे, तीही सांगतो. प्रथिनं फार कमी, शंभर ग्रॅमला एक-दोन ग्रॅम. मांस टिकवायला प्रथिनं हवीत. साठ किलोच्या माणसाला दिवसाला किमान ५० ग्रॅम, म्हातारपणी त्याहून थोडी जास्तच. जुन्या घरांत कंदाबरोबर कुळथाचं सार असायचं, पावसात शेतातल्या कुर्ल्या, ओढ्यातले मासे, कोंबडीचं अंडं. कुळथात शंभर ग्रॅमला वीसेक ग्रॅम प्रथिनं आहेत. एक खारी-चहाचा नाश्ता काढून तिथे उकडलेलं अंडं किंवा मूठभर भिजवलेले कुळीथ ठेवा. नाचणीची भाकरी परत आणा, कॅल्शियमच्या बाबतीत तिच्या जवळपास जाणारं दुसरं धान्य नाही. सुकी मासळी, लोणचं आणि पापड एकाच ताटात नकोत. दिवसाला ५ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा एक चमचा, ही हद्द आहे, आणि आपण ती दुपारपर्यंतच ओलांडतो. कुणाला मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

"जुनी माणसं शंभर वर्षं जगायची" हेही थोडं आवरतं घेऊ. जी जगली तीच आपल्याला आठवतात. देश स्वतंत्र झाला तेव्हा सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होतं. बाळंतपणात, तापात, हगवणीत किती गेली त्यांची गणतीच नाही. दवाखाना, लस, नळाचं पाणी यांनी आपल्याला वर्षं दिली. ती वर्षं आपल्या पायांवर काढायची की खाटेवर, तेवढंच आपल्या हातात आहे.

व्यायामाचं नाव काढलं की लोकांना जिम आठवते. आपल्या तालुक्यात चढाला तोटा नाही! आठवड्याला दीडशे मिनिटं दम लागेल असं चालणं, आणि दोन दिवस जोर लावायचं काम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कुदळीनं आळी खणणं, शेणखताची पाटी वाहणं, हे जोराचं कामच आहे. रात्री जेवल्यावर लगेच आडवं न होता दहा-पंधरा मिनिटं वाडीत फेरी मारा, साखर चढत नाही तेवढी. जमिनीवर बसून जेवा आणि हात न टेकता उठायचा सराव ठेवा. आपली ताकद तपासायची असेल तर भिंतीला खुर्ची टेकवा, हात छातीवर घडी घालून अर्ध्या मिनिटात कितीदा पूर्ण उभं राहून बसता येतं ते मोजा. साठीच्या सुरुवातीला पुरुषांना चौदा आणि बायकांना बारा वेळा जमायला हवं. कमी भरलं तर घाबरू नका, रोज तेच करा. पण छातीत दुखलं, चक्कर आली तर थांबा आणि दवाखाना गाठा.

"आता या वयात काय होणार?" असं विचारणाऱ्या आजोबांसाठी एक गोष्ट. १९९० मध्ये अमेरिकेत मारिया फियातारोन यांनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलून घेतलं. एकानं मध्येच सोडलं. उरलेल्या नऊ जणांची मांडीची ताकद सरासरी अडीच पटींहून जास्त झाली.

हे सगळं मी मुख्यतः पुरुषांना सांगतो आहे, हे लक्षात आलं असेल. ज्या बाया आजही रोपणी करतात, गुरं सांभाळतात, सरपण आणतात आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खातात, त्यांना आणखी व्यायाम सांगणं म्हणजे थट्टा आहे. त्यांचा प्रश्न वेगळा. त्यांच्या ताटात अंडं आणि कुळीथ आधी पडायला हवेत, दुपारी पाठ टेकायला मिळायला हवी. घरातला धाकटा मोटारसायकल ठेवून सरपण आणायला गेला तर दोघांचंही भलं होईल.

आणि तिशी उलटलेल्या प्रत्येकानं आरोग्य केंद्रात जाऊन बीपी आणि शुगर तपासून घ्यावी. ही तपासणी सरकारी केंद्रात फुकट होते. दोन्ही दुखणी सुरुवातीला काही दुखवत नाहीत, म्हणून तर ती वर्षानुवर्षं कळत नाहीत.

यंदा एवढं करा. मेळ्याला कंद न्या, विका, चार पैसे मिळालेच पाहिजेत. पण सगळे नेऊ नका. आठवड्याला दोन वेळच्या जेवणापुरते घरात ठेवा. सुरण आणि अळवाचे कंद खाजतात, तेव्हा चिंच किंवा कोकम घालून नीट शिजवा, आणि रानातला अनोळखी कडू करांदा जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय चुलीवर चढवू नका. खणायला नातवाला बरोबर न्या. मोबाईल घरी ठेवायला तो कुरकुरेल, पहिल्या आळ्यात कोनफळ मोडून ठेवील, हाताला फोड आला म्हणून दाखवील. मोडलेलं त्याच दिवशी शिजवा. डोक्याकडचा, डोळे असलेला तुकडा मात्र कापून, राख लावून सावलीत ठेवायला त्यालाच सांगा. पहिल्या पावसाला तो त्यालाच लावायचा आहे.