चार दिवसांचा मज्जाव

कापूस वेचणीच्या हंगामात वर्धा जिल्ह्यातील ज्या बाईला घरच्या चुलीस, पाण्याच्या माठास आणि देव्हाऱ्यास शिवण्याची चार दिवस मनाई असते, तिनेच त्या चार दिवसांत कमरेला ओटी बांधून सूर्य मावळेपर्यंत कापूस वेचावा, यास मात्र कोणाचीही हरकत नसते. विटाळ मजुरीच्या आड येत नाही, तो तिच्या मानाच्या तेवढा आड येतो.

पाळीचा स्त्रीच्या मनावर परिणाम होतो, हे कोण नाकारील? पाळीपूर्वी संप्रेरकांच्या चढउतारामुळे कित्येकींना चिडचिड, औदासीन्य, थकवा जाणवतो, आणि काहींना तर वैद्यकीय उपचारांचीच आवश्यकता असते. परंतु कालपर्यंत अंगणात मोकळेपणी हसणारी तेराव्या वर्षाची मुलगी एकाएकी मान खाली घालून बोलू लागते, धुतलेले फडके उन्हात टाकण्याऐवजी दुसऱ्या कपड्याखाली दडवून वाळविते, आणि आपल्या देहाचेच काहीतरी कसूर आहे अशी तिची कायमची समजूत होते, ते ‘कावळा शिवला’ एवढेच सांगून तिला कोपऱ्यात बसविल्याचे फळ आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. देह जर विटाळातूनच जन्मतो, तर सोवळा कोण, हा प्रश्न संत सोयराबाईंनी चौदाव्या शतकातच विचारला होता.

ही समजूत पालटता येते, याचा दाखला याच जिल्ह्यात आहे. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली सेवाग्रामला स्थापन केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी आंजी परिसरातील २३ गावांत किशोरींसाठी तीन वर्षे आरोग्यशिक्षणाचे काम केले, व त्याचा अहवाल २००७ साली प्रसिद्ध झाला. पाळी येण्यापूर्वी तिची माहिती असलेल्या मुलींचे प्रमाण ३५ टक्क्यांवरून ५५ टक्क्यांवर गेले, आणि तयार पॅड वापरणाऱ्यांचे ५ वरून २५ वर. हे यश थोडे नव्हे; तथापि एवढ्या खटपटीनंतरही शंभरांतील ४५ मुलींना पहिला रक्तस्राव अजाणतेपणीच गाठत होता, हे वाचून मन विषण्ण होते.

डॉक्टर गावोगाव जातील तेव्हा जातील. आई, आजी, आत्या तर घरातच आहेत. वडिलांनीही ही बायकांची बाब म्हणून उठून जाऊ नये. मुलगी दहा-अकरा वर्षांची झाली की तिला जवळ बसवून सर्व काही नीट सांगा, आणि पाळी आल्यावर तिला स्वयंपाकघरात येऊ द्या.