यादी कागदाची, थांबवण्याचा अधिकार कोणाचा?

शस्त्रक्रियागृहात रुग्णाच्या जिवाचा निर्णय शल्यविशारदाच्या हस्तकौशल्यावर होतो, अशी आपल्या समाजाची दृढ समजूत आहे. ती खोटी नव्हे, परंतु अपुरी आहे. भलत्याच बाजूच्या अवयवावर सुरी चालणे, पोटात बोळा राहून जाणे, रुग्णाला न मानवणारे औषधच नेमके टोचले जाणे, या चुका सहसा कौशल्याच्या अभावी घडत नाहीत. विस्मरण, घाई आणि वरिष्ठांना विचारण्याचा संकोच ही त्यांची कारणे असतात. या साध्या कारणांवर तपासणी-यादीचा तितकाच साधा उपाय पुढे आला आहे. त्याचा विचार केवळ डॉक्टरांवर सोपवून चालणार नाही. कारण त्याच्या मुळाशी कामाच्या जागी कोणाला बोलता येते, हा आपल्या चळवळीचा जुनाच प्रश्न आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने ही यादी जून २००८ मध्ये प्रसिद्ध केली. ती सिद्ध करण्याच्या कार्याचे नेतृत्व बोस्टनचे शल्यविशारद अतुल गावंडे यांनी केले. त्यांचे वडील मूळचे यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावचे. यादी एका पानाची आणि कलमे अवघी १९. भूल देण्यापूर्वी, त्वचेवर पहिला छेद घेण्यापूर्वी आणि रुग्णाला शस्त्रक्रियागृहाबाहेर नेण्यापूर्वी अशा तीन टप्प्यांवर सर्वांनी थांबायचे व मोठ्याने विचारायचे. रुग्ण हाच ना? शस्त्रक्रिया कोणती, कोणत्या बाजूची? प्रतिजैविक तासाभराच्या आत दिले आहे का? रक्तस्राव झाल्यास तयारी आहे का? उपकरणे, बोळे, सुया यांची मोजदाद जुळली का? उपस्थित प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे, हेही त्यातील एक कलम आहे. ज्याने एकदा आपले नाव उच्चारले, तो पुढे शंकाही उच्चारू शकतो, हा त्यामागील हेतू आहे.

टोरांटो, सिएटल, लंडन, ऑकलंड, अम्मान, मनिला, नवी दिल्ली आणि टांझानियातील इफाकारा अशा आठ ठिकाणच्या रुग्णालयांत या यादीचा प्रयोग झाला. जानेवारी २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रुग्णालयातील मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले होते. कागदाच्या किमतीत एवढा लाभ देणारा उपाय अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला विरळाच आढळतो.

तथापि या कथेचा दुसरा अध्यायही वाचला पाहिजे. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातील १०१ रुग्णालयांनी ही यादी स्वीकारल्यानंतरचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. यादीचे पालन जवळजवळ शंभर टक्के होत असल्याचे रुग्णालयांनी स्वतःच कळवले होते. परंतु मृत्यू किंवा गुंतागुंत यांत लक्षणीय घट आढळली नाही. यादी तीच होती. मग फरक कशाचा? या प्रश्नावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. माझ्या मते चौकटीत खूण करणे आणि खरोखर थांबणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी लेखणी पुरते, दुसरीसाठी अधिकार लागतो.

अमेरिकेतील मिशिगन राज्याचा अनुभव याला पुष्टी देतो. तेथील शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत शिरेत नळी घालताना होणारा जंतुसंसर्ग रोखण्यासाठी अशीच एक छोटी यादी वापरली गेली. नियम मोडणाऱ्या डॉक्टरला थांबवण्याचा अधिकार तेथे परिचारिकेला देण्यात आला होता. दीड वर्षात संसर्गाचे प्रमाण सुमारे दोन तृतीयांशांनी घटल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. यादीची कलमे डॉक्टरांना आधीपासून ठाऊकच होती. नवे होते ते परिचारिकेच्या शब्दाला आलेले वजन.

आता आपल्या देशाकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीआधी तीन वर्षे, १ मार्च २००५ रोजी, रमाकांत राय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नसबंदी शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांनी तपासणी-यादी भरावी असा आदेश सर्व राज्यांना दिला होता. तरीही ८ नोव्हेंबर २०१४ रोजी छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात, पेंडारी येथील एका बंद पडलेल्या खाजगी रुग्णालयाच्या इमारतीत, एकाच शल्यविशारदाने काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया केल्या. दिवसाला ३० ही सरकारचीच मर्यादा होती. हे आणि लगतच्या दिवसांतील शिबिर मिळून १३ स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. कारण जंतुसंसर्ग की सदोष औषध, यावर वाद झाला. परंतु तीसएकावी स्त्री टेबलावर आली तेव्हा ‘आता पुरे’ असे म्हणण्याची शक्ती त्या खोलीतील कोणाही परिचारिकेकडे वा सेविकेकडे नव्हती, याबद्दल वाद संभवत नाही. आकड्यांचे लक्ष्य वरून येते, तेव्हा यादी खाली पायदळी जाते. २०१६ मध्ये देविका बिस्वास खटल्यात न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले आणि यादीतील मजकूर रुग्णाला समजेल अशा भाषेत समजावून देण्याचाही आदेश दिला.

म्हणून ‘यादी लावली, सुरक्षितता आली’ या सरकारी समाधानापासून आपण सावध राहिले पाहिजे. खर्च नसलेला उपाय राज्यकर्त्यांना प्रिय असतो. परंतु रक्तातील प्राणवायू मोजणारे यंत्र रुग्णाला लावले आहे का, असे यादीतच विचारलेले आहे. यंत्रच नसेल तर खूण कशावर करायची? एक परिचारिका दोन टेबले सांभाळत असेल, तर बोळे मोजायचे कोणी? आणि जिचे पुढचे वेतन करार वाढण्यावर अवलंबून आहे, अशा कंत्राटी परिचारिकेने ज्येष्ठ शल्यविशारदाला ‘थांबा’ म्हणावे ही अपेक्षा न्याय्य तरी आहे का? नोकरीची शाश्वती हा केवळ कर्मचाऱ्यांच्या हिताचा प्रश्न नसून तो रुग्णाच्या सुरक्षिततेचाच भाग आहे. रुग्णालयीन कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी आपली मागणी या भाषेत मांडली, तर सामान्य जनता त्यांच्या पाठीशी उभी राहील.

यादीमुळे आपल्या विद्वत्तेचा अवमान होतो, असे काही डॉक्टरांना वाटते. १९३५ मध्ये अमेरिकेत बोइंगचे नवे बॉम्बफेकी विमान चाचणीत कोसळले, कारण निष्णात वैमानिक सुकाणूची कुलुपे काढण्यास विसरला होता. त्यानंतर वैमानिकांनी यादी स्वीकारली; त्यांची प्रतिष्ठा त्यामुळे तसूभरही कमी झाली नाही.

कार्यकर्त्यांना करण्याजोगे काम जवळच आहे. आपल्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयातील रुग्ण कल्याण समितीपुढे चार गोष्टी मागा. भरलेल्या यादीची मराठी प्रत रुग्णाला मिळावी. शस्त्रक्रिया थांबवण्याचा परिचारिकेचा अधिकार लेखी असावा आणि तो वापरल्याबद्दल तिच्यावर कारवाई होऊ नये. शस्त्रक्रियागृहातील रिकामी पदे कायम स्वरूपात भरावीत. आणि शस्त्रक्रियांच्या संख्येचे लक्ष्य कोणावरही लादू नये. मोठ्या रुग्णालयात पैसे मोजणारा माणूस प्रश्न विचारू शकतो. सरकारी दवाखान्यात शुद्ध हरपून टेबलावर पडलेल्या शेतमजूर स्त्रीच्या वतीने प्रश्न विचारणारे कोणीतरी त्या खोलीत असले पाहिजे, आणि ते विचारताना त्याला भीती वाटता कामा नये.