चपला बाहेर, हात तसेच

मंद्रूप परिसरात कुणी अत्यवस्थ झाले की वाट एकच, विजयपूर महामार्गाने सोलापूर. अपघात असो, सर्पदंश असो की फवारणीचे औषध पोटात गेलेले असो, रुग्ण शहरातल्या एखाद्या अतिदक्षता विभागात दाखल होतो आणि मागोमाग जीपभर माणसे पोहोचतात. भेटीच्या वेळी दारात चपलांचा ढीग पडतो. त्या काढायला कुणाला सांगावे लागत नाही. मात्र ज्या हाताने एसटीचा दांडा धरला, नोटा मोजल्या, तंबाखू मळली, तोच हात न धुता रुग्णाच्या गालावरून फिरतो. त्याच बोटांनी सिद्धेश्वराचा अंगारा कपाळाला लागतो. यातली माया खरी आहे आणि धोकाही तितकाच खरा आहे.

आतल्या रुग्णाच्या घशात श्वासाची नळी, मानेत सलाइनची, लघवीसाठी आणखी एक. जंतूला शिरायला इतक्या वाटा मोकळ्या असतात. त्याला तिथवर नेणारा हात तेवढा हवा असतो. असिनेटोबॅक्टर आणि क्लेबसिएला हे जंतू देशभरातल्या अतिदक्षता विभागांत ठाण मांडून आहेत आणि कार्बापेनेमसारखी राखीव प्रतिजैविकेही त्यांच्यापुढे निकामी ठरू लागली आहेत. असिनेटोबॅक्टर तर खाटेच्या कोरड्या कठड्यावरही कित्येक दिवस तग धरतो. एका खाटेचा कठडा धरून उभा राहिलेला पाहुणा शेजारच्या खाटेवरच्या ओळखीच्या माणसाची विचारपूस करायला गेला की काम झाले. पुढे तो हात घरच्या बाळालाही उचलून घेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालानुसार गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत रुग्णालयात दाखल झालेल्या दर 100 रुग्णांपैकी 15 जणांना तिथेच नवा संसर्ग जडतो. श्रीमंत देशांत 7 जणांना. असा संसर्ग झालेल्या दहांतला एक दगावतो. हातांची स्वच्छता आणि इतर साधे उपाय पाळले तर यातले 70 टक्के संसर्ग टळू शकतात, असे तोच अहवाल सांगतो.

हे दारातच रोखू शकेल अशी व्यक्ती म्हणजे सिस्टर. डॉक्टर राउंड घेऊन जातात, भिंतीवरचा फलक घाबरलेल्या माणसाला दिसतही नाही. ‘आजी, आधी हात पुढे करा,’ म्हणत सिस्टर तळव्यावर सॅनिटायझर ओतते, बेचक्या, अंगठे, नखे चोळून घ्यायला लावते, तेव्हा वीस-तीस सेकंदांत काम होते. सीमेलगतच्या गावांतून आलेल्या माणसांना हेच कन्नडमध्ये सांगावे लागते. हात मातीने किंवा शेणाने माखलेले असतील तर सॅनिटायझर पुरत नाही. साबण आणि पाणी हवे, 40 ते 60 सेकंद. ज्या शहराने वर्षानुवर्षे काही दिवसांआड येणाऱ्या नळाची वाट पाहिली, तिथे हात धुण्याच्या बेसिनला पाणी कायम राहील हे व्यवस्थापनाने स्वतः पाहिले पाहिजे.

मात्र हे सारे सिस्टरच्या डोक्यावर टाकून मोकळे होणे हा अन्याय ठरेल. व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक रुग्णामागे एक परिचारिका हवी, हा निकष कागदावर आहे. मे 2022 मध्ये राज्यभरातल्या परिचारिका कंत्राटी भरतीविरोधात संपावर गेल्या, तरी भरतीचा प्रश्न सुटलेला नाही. सलग तीन खाटा सांभाळणाऱ्या सिस्टरने दारातही उभे राहायचे कसे? शिवाय गावच्या पुढाऱ्याला अडवले की आवाज चढतो. डॉक्टर-परिचारिकांवरील हल्ल्यांविरुद्ध 2010 पासून राज्यात कायदा आहे, पण त्या क्षणी तिच्या पाठीशी वरिष्ठ डॉक्टर उभा लागतो, आणि त्याने नातेवाइकांदेखत आपले हात आधी चोळलेले असावे लागतात.

भेटीच्या तासापुरती एक परिचारिका फक्त दारासाठी नेमावी, प्रत्येक खाटेशी सॅनिटायझर असावे, आणि हात न चोळणाऱ्याला, तो कुणीही असो, आत न सोडण्याचा अधिकार तिला लेखी द्यावा. याची सुरुवात मंद्रूपमध्येच करता येईल. रुग्णाला सोलापूरला धाडताना 108 रुग्णवाहिकेचे दार लागण्यापूर्वी इथल्या सिस्टरने सोबतच्या माणसांना दोन गोष्टी सांगाव्यात: भेटायला एका वेळी एकानेच जायचे, आणि हात चोळल्याशिवाय पेशंटला शिवायचे नाही. जिल्हा आरोग्य यंत्रणेने तसा आदेश या आठवड्यातच काढावा.