लपविलेले दुखणे

आपला माणूस पोटाविषयी पुष्कळ बोलतो. पित्त, वात, अपचन यांची चर्चा तो भर पंगतीतही करील. पण शौचावाटे रक्त पडते ही एक गोष्ट मात्र तो घरच्या माणसांनाही कळू देत नाही. गेल्या महिन्यात आम्ही बडोद्यास दांडिया बाजारातील एका जुन्या स्नेह्यांकडे उतरलो होतो. निवृत्त शिक्षक, मोठे व्यासंगी गृहस्थ. त्यांनी हे दुखणे तीन वर्षे अंगावर काढले. 'मूळव्याधच ती' असे स्वतःच ठरवून इसबगोल आणि कुड्याच्या सालीचा काढा घेत राहिले. अंगावरचे कपडे ढगळ होऊ लागले तेव्हा सूनबाईंनी हट्टाने दवाखान्यात नेले. दुर्बिणीने पाहता मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि व्रण आढळले. डॉक्टर त्यास अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. गोळ्यांनी चार महिन्यांत बरे वाटू लागले आणि मास्तरांनी गोळ्या बंद केल्या! पुढे काय झाले असेल ते सांगावयास नकोच.

हा नेहमीचा मुरडा नव्हे. शरीराची संरक्षक यंत्रणाच येथे आपल्या आतड्यावर उलटते. मेसालामिनसारखी औषधे ही सूज दाबून ठेवतात, मुळासकट काढीत नाहीत. म्हणूनच बरे वाटले तरी ती चालू ठेवावी लागतात. विकाराने मोठ्या आतड्याचा बराच भाग व्यापला असेल, तर आठ-दहा वर्षांनंतर कर्करोगाचा धोका वाढू लागतो. तेव्हा ठरावीक काळाने पुन्हा दुर्बीण आलीच. लहान आतड्याच्या बाबतीत तर आणखी घोटाळा आहे. आतड्याचा क्षय आणि क्रोन्सचा विकार यांची लक्षणे इतकी सारखी, की आतड्याचा तुकडा तपासूनही कधी कधी निवाडा होत नाही. क्षयाची औषधे काही महिने घेऊन गुण आला नाही, की मग दुसऱ्या रोगाचा संशय पक्का होतो. डॉक्टरांना दोष देणे सोपे आहे. पण रुग्ण उशिरा आला, तर हा सारा काळ त्याच्या आयुष्यातूनच वजा होतो.

आमच्या सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तीस वर्षांवरील लोकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांसाठी तपासणी होते. आतड्यास त्यात स्थान नाही. पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्याकडे आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण कमी आहे, हे त्याचे कारण खोटे नाही. जपानने १९९२ पासून आणि इंग्लंडने २००६ पासून विष्ठेतील न दिसणारे रक्त शोधणारी चाचणी घराघरांत नेली, तशी सरसकट मोहीम येथे आजच काढा, असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्यांच्या घराण्यात हा कर्करोग झाला आहे आणि ज्यांचे वय पन्नाशीपुढे गेले आहे, त्यांच्यापुरती ही स्वस्त चाचणी आरोग्य केंद्रात का असू नये? ज्यांना रक्त डोळ्यांनी दिसते आहे त्यांनी तर चाचणीचीही वाट न पाहता डॉक्टर गाठावा.

याच बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी सक्तीचे मोफत शिक्षण एकदम सबंध संस्थानावर लादले नाही. १८९३ साली अमरेली तालुक्यात प्रयोग केला, त्यातील अडचणी पाहिल्या आणि १९०६ मध्ये तो सर्व संस्थानास लागू केला. गोवा सरकारनेही सत्तरीसारखा एखादा तालुका घ्यावा. मात्र, ज्याच्या चाचणीत रक्त सापडेल त्यास बांबोळीस दुर्बिणीसाठी किती दिवस थांबावे लागेल, याचा हिशेब आधी मांडावा. रक्त आहे एवढेच सांगून माणसाला घरी पाठवायचे असेल, तर चाचणी न केलेलीच बरी. आरोग्यसेविका घरोघर रक्तदाब मोजावयास जातातच. त्यांनी त्याच वेळी शौचाविषयीचा हा एक प्रश्न, शक्यतो सासू-सुनांना वेगवेगळे गाठून, विचारावा.