पद सुटले, जाबही सुटला काय?

राष्ट्रपतीने पद सोडल्यावर त्याच्यावर महाभियोग चालविता येतो काय, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा अमेरिकेच्या निमित्ताने विचारला जातो आणि तेथील धुरळा खाली बसला की विसरलाही जातो. १३ जानेवारी २०२१ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर तेथील प्रतिनिधिगृहाने आरोप ठेवले. आठवड्याभरात त्यांची मुदत संपली. आणि फेब्रुवारीत सिनेटने ५६ विरुद्ध ४४ मतांनी असे ठरविले की, पायउतार झालेल्या अध्यक्षावरही हा खटला चालू शकतो. पुढे दोन-तृतीयांश मते न पडल्यामुळे ते सुटले, ही गोष्ट निराळी. आम्हांस मात्र हा प्रश्न वॉशिंग्टनपेक्षा मुकुटबनातून पाहणे अधिक उद्बोधक वाटते.

मुकुटबन हे यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यातील गाव. सभोवती कापसाची शेते, पोटात चुनखडी, आणि त्या चुनखडीवर अलीकडे उभा राहिलेला सिमेंटचा कारखाना. अशा गावच्या सरपंचाने कर्तव्यात गैरवर्तन केले आणि चौकशीची चाहूल लागताच राजीनामा देऊन टाकला, असे क्षणभर समजू. (हे निव्वळ उदाहरण आहे, तेथील कोणाही आजी-माजी पदाधिकाऱ्यास उद्देशून नाही.) राजीनाम्याने तो सुटतो काय? सुटत नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या ३९ व्या कलमात, गैरवर्तन करून राजीनामा दिलेल्या सरपंचासही पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरविण्याची तरतूद आहे. तो कायदा करणाऱ्यांना खेड्यातला माणूस पुरता ठाऊक होता, असेच म्हटले पाहिजे.

आता दिल्लीकडे वळू. घटनेच्या ६१ व्या कलमाप्रमाणे घटनाभंगाच्या आरोपावरून राष्ट्रपतीवर महाभियोग आणता येतो. एका सभागृहाच्या किमान एक-चतुर्थांश सदस्यांच्या सहीची, चौदा दिवसांची सूचना हवी. ठरावास त्या सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या दोन-तृतीयांश मते हवीत. मग दुसऱ्या सभागृहाने चौकशी करून तितक्याच बहुमताने आरोप सिद्ध झाल्याचे जाहीर करावे. एवढ्या खटाटोपाचे फळ एकच : राष्ट्रपती पदावरून दूर होतो. अमेरिकेच्या घटनेत याखेरीज पुढील काळासाठी अपात्र ठरविण्याची शिक्षा आहे, म्हणूनच तेथे माजी अध्यक्षावरील खटल्यास काही अर्थ उरतो. आपल्या घटनेत ती नाही. जो पदावर नाही त्याला पदावरून काढावयाचे कसे? सूचना दाखल झाल्यावर उपराष्ट्रपतींच्या नावे राजीनाम्याच्या चार ओळी लिहिल्या की सारे संपले. त्यातही ५७ व्या कलमाने माजी राष्ट्रपती पुन्हा निवडणुकीस पात्र आहे. मुकुटबनच्या राजीनामा दिलेल्या सरपंचास जे दार बंद करता येते, ते राष्ट्रपतिभवनातून निघून गेलेल्यास उघडे राहते!

परीक्षेत कॉपी सापडण्याच्या बेतात असलेला मुलगा उत्तरपत्रिका टेबलावर टाकून बाहेर पडला, तर ‘आता तू परीक्षार्थी राहिला नाहीस’ असे म्हणून त्याला कोणी सोडून देत नाही. ज्यांच्याकडून महाभियोगाची पद्धत जगाने घेतली त्या इंग्रजांनीही दिलेले नाही. ज्याच्या कारकिर्दीत मराठ्यांशी सालबाईचा तह झाला तो गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज १७८५ साली पद सोडून विलायतेस परतला. त्याच्यावर महाभियोग आला तो १७८७ साली, आणि १७९५ पर्यंत चालला. हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. पण ‘आता मी गव्हर्नर नाही’ या सबबीवर सुटला नाही.

राष्ट्रपतीपुरते कोणी म्हणेल, न्यायालये आहेत की! आहेत, पण ३६१ व्या कलमाने पदाच्या अधिकारात केलेल्या कृत्यांबद्दल राष्ट्रपती कोणत्याही न्यायालयास उत्तरदायी नाही. फौजदारी खटल्यापासूनचे संरक्षण तेवढे मुदतीपुरते आहे. म्हणजे त्याने चोरी केली तर पद सुटल्यावर न्यायालय विचारील. राज्यघटना मोडली तर विचारणारी एकटी संसद, आणि तिचा हात राजीनाम्याच्या कागदाशी थबकतो.

पद आणि जाब यांचे हे नाते महाराष्ट्राने जवळून पाहिले आहे. सिमेंटवर सरकारी नियंत्रण असतानाच्या काळात सिमेंटचे वाटप आणि प्रतिष्ठानास मिळालेल्या देणग्या यांचा संबंध मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी जानेवारी १९८२ च्या निकालात जोडला, आणि बॅ. अंतुले यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. रामदास नायक यांच्या फिर्यादीवर पुढे वाद निघाला तो असा : मुख्यमंत्रिपद गेले, पण आमदारकी आहे, तेव्हा खटल्यास पूर्वपरवानगी हवी की नको? १६ फेब्रुवारी १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी उत्तर दिले की, ज्या पदाचा दुरुपयोग झाल्याचा आरोप आहे ते पद सुटले की त्याचे कवचही सुटते. खटला पुढे वर्षानुवर्षे रेंगाळला, १९८८ साली सात न्यायाधीशांनी तो उच्च न्यायालयाकडे सोपविणेच चुकीचे ठरविले, आणि अंतुले यांना शिक्षा झाली नाही. पण परवानगीविषयीचे तत्त्व उभे राहिले होते.

तेही २०१८ साली खाली बसविण्यात आले. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील त्या वर्षीच्या दुरुस्तीने पद सोडलेल्यांनाही पूर्वपरवानगीचे कवच मिळाले. पदाचे संरक्षण माणसाच्या पाठोपाठ घरापर्यंत जाऊ शकते, मग पदाचा जाब तेवढा उंबरठ्यावरच का थांबावा? आम्हांस तरी याचे उत्तर सापडत नाही.

आजवर एकाही राष्ट्रपतीवर महाभियोग आलेला नाही; राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतो, मग ही चिंता हवी कशाला, असे विचारले जाईल. परंतु कोणत्याच पक्षाला बहुमत नसताना सरकार बनविण्यास कोणाला बोलवावे, हे राष्ट्रपतीलाच ठरवावे लागते. प्रसंग यावयाचा तो अशाच वेळी येईल. त्याचप्रमाणे, माजी राष्ट्रपतींचा सूडबुद्धीने छळ होऊ नये हेही आम्हांस मान्य आहे. म्हणून दुरुस्ती मोजकीच असावी. महाभियोगाची सूचना राष्ट्रपती पदावर असतानाच दिलेली असली पाहिजे. एकदा ती रीतसर दाखल झाली की राजीनाम्याने अथवा मुदत संपल्याने ती रद्द होऊ नये. आणि आरोप सिद्ध झाल्यास त्या व्यक्तीस पुन्हा घटनात्मक पद धारण करण्यास अपात्र ठरविता यावे. ६१ वे कलम राज्यांच्या विधानमंडळांच्या संमतीची अट असलेल्या कलमांत मोडत नाही. संसदेच्या दोन्ही सभागृहांनी विशेष बहुमताने मंजुरी दिली की ही दुरुस्ती होऊ शकते, आणि राष्ट्रपतिभवनावर कोणताही वाद घोंगावत नसेल अशा शांत वेळीच ती हाती घेणे इष्ट.