आवाजामागचा अभ्यास

मोटार शर्यतीच्या प्रक्षेपणात नुसता आरडाओरडा ऐकला की मला ब्रिटिश समालोचक मरे वॉकर आठवतात. आवाज त्यांचाही चढत असे, पण त्यामागे अभ्यास होता. वडील ग्रॅहॅम वॉकर नामांकित मोटारसायकल शर्यतपटू. मुलगा मरे दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यावर होता. १९४९ मध्ये त्याने बीबीसीसाठी सिल्व्हरस्टोनहून समालोचन केलं. पुढे कित्येक वर्षं जाहिरात क्षेत्रातली नोकरी सांभाळून तो हे काम करत राहिला.

शर्यतीआधी वॉकर गॅरेजमध्ये फिरत, चालकांशी आणि मेकॅनिकांशी बोलत. टायर कधी बदलणार, इंधन किती, कोण दुखणं लपवतोय, हे कॅमेऱ्याला दिसत नाही. सांगणाऱ्याला ते माहीत असावं लागतं. १९८० पासून फॉर्म्युला वनचा माजी विश्वविजेता जेम्स हंट शेजारी बसू लागला. एकाचा उत्साह, दुसऱ्याचं परखड विश्लेषण, अशी ती जोडी जमली. १९९६ मध्ये जपानमधल्या सुझुकाला डेमन हिल विश्वविजेता झाला, तेव्हा वॉकर यांचा गळा दाटून आला आणि त्यांनी क्षणभर बोलणं थांबवलं. गप्प कधी व्हायचं, हेही या कामातलं कौशल्यच.

आपल्याकडे कोल्हापूर, नाशिककडच्या मुलांनाही गाड्यांचं वेड आहे. त्यांच्यापैकी कुणाला तरी मराठीत मोटार शर्यत समजावून सांगायची संधी वाहिन्यांनी द्यावी. चेहरा आणि आवाज नंतर पाहा. आधी त्याला पिट लेनमध्ये उभं करा, इंजिन शिकू द्या, आणि त्यासाठी पुरेशी वर्षं द्या.