'कोबाल्ट ब्लू' : आवडली, पण...

आधीच कबूल करते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. दहावीपर्यंत मराठी म्हणजे एक पेपर, तो दिला की सुटलो! घरी बोलायची मराठी आणि वाचायचं इंग्रजी, अशी वाटणीच होऊन गेली होती. त्यामुळे सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी मी पहिल्यांदा इंग्रजीत वाचली. मूळ पुस्तक मौजेने २००६ साली काढलेलं, आणि जेरी पिंटो यांचा इंग्रजी अनुवाद आला २०१३ मध्ये. पुण्यातल्या मराठी घराची गोष्ट चामटोलीतल्या मराठी मुलीने माहीमला वाढलेल्या लेखकाच्या इंग्रजीतून वाचायची, म्हणजे कमालच! नंतर लाज वाटली म्हणून बदलापूरच्या वाचनालयातून मराठी पुस्तक आणलं.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तनय आणि अनुजा हे बहीणभाऊ. त्यांच्या घरी वरच्या खोलीत एक पेइंग गेस्ट राहायला येतो. चित्रं काढणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दोघंही त्याच्याच प्रेमात पडतात, आणि एकमेकांचं एकमेकांना माहीत नसतं. मग तो अनुजाला घेऊन निघून जातो, पुढे तिलाही सोडून जातो. पुस्तकाचा पहिला भाग तनय बोलतो, दुसरा अनुजा. एवढंच.

पहिल्या वाचनात मला सगळ्यात जास्त काय खटकलं असेल तर ती वरची खोली! हसू नका. आमचं घर दोन खोल्यांचं. आजीने रात्री कूस बदलली तरी सगळ्यांना कळतं. प्रेमकथेला आधी दार लागतं, आणि तेही आतून बंद होणारं. ते आमच्याकडे कुणाकडे आहे? आमच्याकडच्या प्रेमकथा बदलापूर लोकलमध्ये होतात, शेअर रिक्षात होतात, नाहीतर कॉलेजच्या झेरॉक्सच्या दुकानासमोर. त्यामुळे वाचताना सारखं वाटायचं, की हे सगळं जागा असलेल्या लोकांचं दुःख आहे.

दुसरी तक्रार त्या पेइंग गेस्टबद्दल. त्याला पुस्तकभर नाव नाही. तो येतो, दोन माणसांची आयुष्यं उलटीपालटी करतो आणि जातो. एका शब्दाने उत्तर देत नाही. आपल्या प्रोजेक्ट ग्रुपमध्ये एक जण असतो बघा, ज्याची आयडिया सगळ्यात भारी असते आणि रिपोर्ट लिहायच्या आठवड्यात ज्याचा फोन लागत नाही, तसा. लेखकाने त्याला मुद्दाम कोरा ठेवलाय हे मला कळतं. दोघांनी आपापला रंग त्यात भरावा म्हणून. पण कलाकार आहे म्हणून त्याला सगळं माफ, हे काही पटत नाही. (कोबाल्ट ब्लू म्हणजे केमिस्ट्रीच्या भाषेत कोबाल्ट अ‍ॅल्युमिनेट, १८०२ साली थेनार नावाच्या फ्रेंच केमिस्टने शोधलेलं. प्रचंड तापवल्याशिवाय हा रंग तयार होत नाही, आणि झाला की सहजासहजी उडत नाही. नाव मात्र झकास निवडलंय.)

आता आवडलं काय ते सांगते.

अनुजा परत येते तेव्हा अख्खं घर तिच्याभोवती गोळा होतं. काळजी असते, राग असतो, डॉक्टर असतात. म्हणजे तिच्या दुःखाला घरात एक जागा मिळते, भले ती कशीही असो. तनयचं तेच माणूस गेलेलं असतं, पण त्याला कुणी साधं 'काय रे, जेवला नाहीस?' एवढंही प्रेमभंगाच्या अर्थाने विचारू शकत नाही. कारण त्याचं काही गेलंय हेच कुणाला माहीत नाही. गेल्या वर्षी माझ्या मावशीकडे ताईचा साखरपुडा मोडला तेव्हा पंधरा दिवस आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. आजी तिच्याजवळ झोपायला गेली, मामा नेरळहून आंबे घेऊन आला. त्याच सुमारास आमच्या ग्रुपमधल्या एकाचंही काहीतरी मोडलं होतं. त्याने सगळी जर्नल्स वेळेवर सबमिट केली.

त्याच्याबद्दल त्याला विचारूनच लिहितेय. नाव, ब्रँच, वर्ष काहीही लिहिणार नाही.

मराठी पुस्तक वाचायला घेतलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. तनयचा भाग सगळा त्या गेलेल्या माणसाला उद्देशून आहे. इंग्रजीत तो फक्त 'यू'. तो यू बाई की बुवा, हे त्या शब्दावरून कळत नाही. मराठीत तशी सोय नाही! 'तू आलास' की 'तू आलीस', एक काहीतरी म्हणावंच लागतं. क्रियापद चुगली करतं. हे मी आमच्या त्या मित्राला लोकलमध्ये मोठ्या उत्साहाने सांगत होते, व्याकरणाचा शोध लावल्यासारखी. तो ऐकत होता. दोन वर्षं हा मुलगा आपल्या 'रिलेशनशिप'बद्दल बोलायचा तेव्हा इंग्रजीतच बोलायचा. वी फॉट, वी आर ओके नाऊ. मला वाटायचं, भाव खातोय. अंबरनाथ गेलं आणि तो म्हणाला, "त्या दिवशी तो आलाच नाही गं."

एवढंच. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "बदलापूर आलं."

६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला आणि असं प्रेम गुन्हा राहिलं नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच कोर्टाने अशा लग्नांना मान्यता द्यायला नकार दिला. म्हणजे प्रेम करा, पण घरी सांगताना कुठला शब्द वापरायचा ते तुमचं तुम्ही बघा. कुंडलकरांचं पुस्तक या दोन्हीच्या कितीतरी आधीचं. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' तर १९८१ चं, तेही अशाच विषयावर, दोन मुलींचं. तेव्हा ही काही आजची फॅशन नव्हे, हे आमच्या कट्ट्यावरच्या विद्वानांनी लक्षात घ्यावं. २०२२ साली नेटफ्लिक्सवर 'कोबाल्ट ब्लू'चा सिनेमा आला, त्यात गोष्ट पुण्याहून केरळात नेलीय. दिसायला सुंदर, पण ते आपलं ओळखीचं घर गेलं, आणि घरच गेलं तर मग उरलं काय?

मित्राला पुस्तक दिलं. मला वाटलं तो रडेल, मिठी मारेल, वगैरे. आठ दिवसांनी साहेब भडकलेले! म्हणे, "आमच्या गोष्टीत दर वेळी कुणीतरी निघूनच का जातं? एकदा तरी कुणीतरी राहा ना बाबा. भांडा, ईएमआय भरा, पण राहा." माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, सोडून तर अनुजालाही गेलाय तो. त्यावर तो म्हणाला, "हो, पण तिच्यासाठी दुसरी पाचशे पुस्तकं आहेत, ज्यात हिरो राहतो."

हे मला खोडता आलं नाही. पण तरी मला वाटतं, की तनयचा भाग नसता तर त्या दिवशी लोकलमध्ये मी व्याकरणावर बोलले नसते, आणि तो आजही वी फॉटच म्हणत असता. त्याला हे मान्य नाही. तो म्हणतो, तो तसाही सांगणारच होता, पुस्तकाला फुकटचं श्रेय देऊ नकोस.

असो. इतकी नावं ठेवूनसुद्धा वाचनालयाचं पुस्तक त्याने अजून परत केलेलं नाही. माझ्या कार्डावर दंड चढतोय, अर्धा त्याने भरायचा असं ठरलंय.